सेल्फ मारताना गाडी खर्रर्र करते तेव्हा



माझा धंदा मराठी शिकवण्याचा. महाविद्यालयात दोन तास व्याकरण, एक तास संतवाङ्मय, असा माझा दिवस जातो. अशा माणसाने मोटारीच्या यंत्रावर बोलावे, हे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले असते. पण दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री असा प्रसंग गुदरला, की त्यानंतर मला या विषयाचे शिक्षण घेणे भाग पडले. ते कुठल्या कॉलेजात नव्हे, आमच्या सायखेड्याच्या एका मिस्त्रींच्या टपरीवजा गॅरेजात, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून.

आमच्या घरी एक पिकअप गाडी आहे. धाकटा भाऊ शेती बघतो. टोमॅटो, कांदा, द्राक्षे, जो हंगाम असेल त्याचा माल गाडीत भरून तो कधी सायखेड्याच्या उपबाजारात, कधी पिंपळगावला, कधी लासलगावला नेतो. या गाडीला त्या वर्षी दिवाळीनंतर एक खोड लागली. किल्ली फिरवली, की इंजिन सुरू होण्याआधी एक कर्कश आवाज यायचा. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, खर्रर्र! दुसऱ्यांदा किल्ली फिरवली, की गाडी गुमान सुरू. आवाज रोज यायचा असेही नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. भाऊ म्हणायचा, "दादा, होते सुरू, मग कशाला खोलायची?" मलाही ते पटले. खरे सांगायचे तर, आपण आकाशवाणीवर बोलतो आहोत म्हणून कबूल करतो, मी गाडीतल्या रेडिओचा आवाज थोडा मोठा करीत असे. म्हणजे तो खर्रर्र कानी पडत नसे.

पौषातल्या त्या रात्री दीड वाजता आईच्या छातीत कळ आली. नाशिक आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. गोदावरीचा पूल ओलांडायचा, चांदोरीला हमरस्ता धरायचा आणि निघायचे. आईला आत बसवले, भावाने किल्ली फिरवली. खर्रर्र! पुन्हा फिरवली. खर्रर्र! सहा वेळा, सात वेळा, तोच आवाज. इंजिन काही हलेना. शेवटी शेजारची दोघे-तिघे धावून आली, गाडी पडवीतून बाहेर ढकलली. गाडी हातभर सरकली असेल नसेल, एक झटका बसला. भावाने पुन्हा किल्ली फिरवली, आणि गाडी एका दमात सुरू झाली. आई वेळेवर पोचली, आज ती बरी आहे. पण ती सात मिनिटे मी विसरलेलो नाही. गाडी महिनाभर आम्हांला जे सांगत होती ते आम्ही ऐकले नव्हते.

चौथ्या दिवशी मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. म्हटले, "मिस्त्री, नवीन सेल्फ बसवून टाका." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारले, "सर, त्या रात्री ढकलली तेव्हा गाडी गिअरमध्ये होती का न्यूट्रलमध्ये?" मला काही कळेना. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "गिअरमध्येच राहिली होती." मिस्त्री म्हणाले, "मग सेल्फ कशाला बदलता? आधी बघू तर खरं."

त्या एका प्रश्नात काय होते, तेच मला आज आपणांपुढे उलगडून ठेवायचे आहे. त्यासाठी आधी किल्ली फिरवल्यावर आत काय घडते ते पाहू.

इंजिन हे आळशी यंत्र आहे. ते आपले आपण सुरू होत नाही. आधी कुणीतरी त्याला फिरवावे लागते, मग आत इंधन पेटते आणि ते चालू लागते. पूर्वी हे काम माणूस हॅण्डल मारून करीत असे. हॅण्डल उलटे फिरले, की मनगट मोडायचे. अमेरिकेतल्या डेटन शहरी चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवण्यात आला. गाडी स्वतःच स्वतःला सुरू करते, म्हणून त्याचे नाव 'सेल्फ स्टार्टर' पडले. पुढे आपल्या गॅरेजवाल्यांनी 'स्टार्टर' गाळून टाकला आणि नुसता 'सेल्फ' ठेवला.

हा सेल्फ म्हणजे एक लहान पण जोरकस विजेची मोटर. तिच्या दांड्यावर एक छोटे दातेरी चाक असते, साधारण नऊ-दहा दात्यांचे. त्याच्या जोडणीसकट सगळ्या भागाला आपले मिस्त्री 'बेंडिक्स' म्हणतात. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या कडेला दात्यांचे एक मोठे कडे बसवलेले असते, त्याला 'फ्लायव्हील रिंग' म्हणतात. त्यावर शंभर-सव्वाशे दाते असतात. छोटे चाक मोठ्या रिंगमध्ये अडकते आणि तिला फिरवते. धरून चाला, की छोट्याला दहा दाते आणि मोठीला एकशे वीस. म्हणजे छोटे चाक बारा वेळा फिरेल तेव्हा इंजिन एकदा फिरेल. वेग कमी, पण जोर बारापट. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना दात्यांचा हा हिशेब नवा नाही.

आता गंमत पाहा. हे दोन दाते सदासर्वदा एकमेकांत अडकलेले नसतात. सेल्फचे चाक एरवी मागे सरकून बसलेले असते. आपण किल्ली फिरवली, की सेल्फच्या पाठीवरच्या सोलेनॉइडला थोडी वीज मिळते. त्यातली लोखंडी दांडी आत ओढली जाते. ती एका चिमट्याच्या साहाय्याने बेंडिक्सला पुढे ढकलते. बेंडिक्स रिंगमध्ये पुरते शिरल्यावर, अगदी शेवटी, तीच दांडी मोठ्या विजेचा मार्ग जोडते आणि मग मोटर जोराने फिरू लागते. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे, तर आधी जुंपणी, मग हाकणी. बैलाच्या मानेवर जू नीट बसण्याआधी चाबूक ओढला, तर काय होईल? बैल उधळेल, जू घसरेल, मान सोलून निघेल. गाडीच्या आतही नेमके हेच होते. दाते नीट जुंपले जाण्याआधी मोटर फिरू लागली, की दात्याची कड दात्याच्या कडेवर घासते. तोच आपला खर्रर्र.

आणि काम झाल्यावर जुंपण सोडावीही लागते. इंजिन सुरू झाले, की ते मिनिटाला आठशे फेरे घेऊ लागते. बेंडिक्स तसेच अडकून राहिले, तर बाराच्या हिशेबाने त्याला मिनिटाला नऊ हजार सहाशे फेरे घ्यावे लागतील. मोटर जागीच फुटून जाईल. म्हणून बेंडिक्समध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी सोय असते. आपण पायडल मारणे थांबवले तरी सायकलचे चाक पुढे पळत राहते, पायडल मात्र ओढले जात नाही. तसेच येथे. इंजिनने सेल्फला ओढू नये, एवढ्यासाठी ही एकेरी पकड ठेवलेली आहे. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, वर्गात हे सांगताना एक सायकल उलटी करून दाखवा. मुलांना दोन मिनिटांत कळेल. मला दोन तास लागले.

इतके समजले, की आवाजाचे निदान अवघड नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: आवाज कधी येतो? कसा येतो? नेहमी येतो, की कधीकधी?

किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्' झाले आणि पुढे शांतता, किंवा 'टकटकटकटक' असा भरभर आवाज आला, तर तो दात्यांचा दोष नव्हे. भरभर टकटक म्हणजे बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला. एक फुकटची परीक्षा सांगतो. गाडीचे पुढचे दिवे लावा आणि मग किल्ली फिरवा. दिवे अगदी मावळले, तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या बघा. दिवे लख्ख राहिले आणि एकदाच टक् झाले, तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही. सोलेनॉइडचे आतले संपर्क किंवा मोटरमधले कार्बन झिजले असावेत.

किल्ली फिरवल्यावर मोटर सुईंऽऽ अशी मोकळी फिरली आणि इंजिन ढिम्म राहिले, तर बेंडिक्सची ती एकेरी पकड घसरते आहे, नाहीतर बेंडिक्स पुढे सरकतच नाही. येथे बेंडिक्स बदलावे लागते. सबंध सेल्फ बदलण्याची गरज बहुधा नसते.

इंजिन सुरू झाल्यावर खर्रर्र आला, तर बेंडिक्स वेळेवर मागे येत नाही. त्याच्या दांड्यावर मळ साचलेला असतो, परतीची स्प्रिंग मऊ पडलेली असते, किंवा किल्लीचा स्विचच अडकून राहतो. पुष्कळदा दोष आपल्या हाताचा असतो. इंजिन सुरू झाले तरी आपण किल्ली सोडत नाही. बाजाराच्या गलबल्यात इंजिन चालू आहे हे ऐकू न आल्याने चालू गाडीलाच पुन्हा सेल्फ मारणारेही मी पाहिले आहेत. पुष्कळ नव्या गाड्यांत यावर अटकाव असतो, जुन्यांत नसतो. किल्लीला हात लावण्याआधी समोरच्या काट्याकडे नजर टाकावी, म्हणजे ही चूक होत नाही. मात्र किल्ली काढल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर क्षणाचा विलंब न लावता बॅटरीची केबल सोडवा. तारा तापून पेट घेण्याचा धोका असतो.

आता आमचा आवाज. किल्ली फिरवताच, इंजिन फिरण्याआधी येणारा. याची कारणे स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने पाहावीत, असा मिस्त्रींचा नियम.

पहिले कारण बॅटरी आणि तिच्या तारा. दाब कमी पडला, की सोलेनॉइडची ओढ दुबळी होते, बेंडिक्स अर्धवट शिरते आणि लगेच मागे फेकले जाते. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. बाराच्या खाली असेल, तर ती उतरलेली समजावी. सेल्फ मारताना दाब साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थची केबलही विसरू नका, ती गंजली की सगळे गणित बिघडते. आमच्या निफाड तालुक्यात हे कारण हिवाळ्यात जास्त. येथला पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. थंडीने बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनातले ऑइल घट्ट होते. म्हणजे बैल अशक्त आणि गाडी जड.

दुसरे कारण सेल्फचे बोल्ट. सेल्फ दोन-तीन बोल्टांवर बसलेला असतो. एखादा ढिला झाला, की सेल्फ तिरपा होतो आणि दात्याला दाता सरळ मिळत नाही. शेताच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचे बोल्ट ढिले होतात, यात नवल नाही. पाना लावून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

तिसरे कारण बेंडिक्सचे दाते झिजणे, आणि चौथे, सर्वांत खर्चाचे, फ्लायव्हील रिंगचे दाते झिजणे.

हा आवाज कधीकधीच का येतो, त्याचे उत्तर मला फार आवडले. इंजिन बंद पडताना कुठेही थांबत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, तिचा अडसर लागतो आणि चाक ठराविक जागीच विसावते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा दोन जागा असतात, समोरासमोर. तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन. त्यामुळे सेल्फचे दाते वर्षानुवर्षे रिंगच्या त्याच दोन-तीन जागी आपटतात. बाकीची रिंग नव्यासारखी, आणि एवढ्याच जागा बोथट. आमच्या गाडीची एक जागा झिजून गेली होती, दुसरी अजून बरी होती. इंजिन बऱ्या जागी थांबले, की दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट सुरू. झिजल्या जागी थांबले, की खर्रर्र. त्या रात्री ते झिजल्या जागी थांबले होते. गाडी गिअरमध्ये असताना ढकलली, तेव्हा चाकांनी फ्लायव्हीलला थोडे फिरवले, दुसरे चांगले दाते समोर आले आणि गाडी सुरू झाली. न्यूट्रलमध्ये ढकलली असती, तर फ्लायव्हील तसूभरही हलले नसते.

म्हणून मिस्त्रींनी तो प्रश्न विचारला. आपणही ही परीक्षा करू शकता. खर्रर्र आला आणि इंजिन फिरले नाही, तर किल्ली पूर्ण बंद करा. जागा सपाट असावी, पुढे-मागे कुणी उभे नसावे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हातभर ढकला. मग न्यूट्रल करा, हॅण्डब्रेक ओढा आणि सेल्फ मारा. आवाज नाहीसा झाला, तर दोष बहुधा रिंगचा. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत मात्र हा प्रयोग चालत नाही. आडवेळी घरात कुणी आजारी असताना ही युक्ती ठाऊक असली, तर अडलेली गाडी निघू शकते. पण ही युक्ती आहे, दुरुस्ती नव्हे.

खात्री करायची तर सेल्फ उतरवावा लागतो. प्रथम गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे आणि बॅटरीची ऋण केबल सोडवायची. सेल्फची जाड तार थेट बॅटरीहून आलेली असते, तिला पाना टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम ठोकळे हवेत. सेल्फ निघाला, की बेंडिक्सचे दाते हाताने पाहता येतात. मग त्या भोकातून बॅटरीचा प्रकाश टाकायचा, एकाने पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन सावकाश फिरवायचे आणि दुसऱ्याने रिंगचा एकेक दाता पाहायचा. आमच्या मिस्त्रींनी सुरुवातीच्या दात्यावर खडूची खूण केली आणि मला मोजायला बसवले. खडू हातात आल्यावर मला जरा धीर आला. मोजता मोजता एके ठिकाणी सात दाते असे दिसले, की जणू कुणी कानशीने तिरपे घासून ठेवले आहेत.

रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच जास्त होते. म्हणून त्याच वेळी क्लचप्लेट पाहून घ्यावी, दुसऱ्यांदा तीच मजुरी पडू नये. रिंग बसवताना मी मुद्दाम थांबलो. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो, हे आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेले आहे. धाव तापवायची, ती पसरते, तापल्या तापल्या चाकावर बसवायची आणि पाणी मारायचे. आकसली, की चाकाला घट्ट आवळते. फ्लायव्हील रिंग नेमकी तशीच बसते, फक्त पाणी न मारता ती सावकाश निवू द्यायची, कारण एकदम थंड केल्यास पोलादाचा कस बिघडतो. गावच्या लोहाराचे शास्त्र मोटारीत शिरलेले पाहून मला बरे वाटले.

रिंग बदलली, की बेंडिक्सही नवे घालावे. झिजल्या दात्यांशी नवे दाते जुळत नाहीत, लवकरच नवेही झिजवतात. उलट, झिजलेल्या रिंगवर नुसता नवा सेल्फ चढवला, तर आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. मी मागितला होता तसा नवा सेल्फ मिस्त्रींनी बसवून दिला असता, तर माझे पैसेही गेले असते आणि खर्रर्रही राहिला असता.

काही गोष्टी करू नयेत, त्याही सांगतो. बेंडिक्सला जाड ग्रीस थापू नका. क्लचची धूळ त्यावर बसते, थंडीत ते घट्ट होते आणि बेंडिक्स मागे येईनासे होते. दांडा पुसून स्वच्छ ठेवावा. वंगण द्यायचेच तर कंपनीने सांगितलेले, तेही बोटभर नव्हे. सेल्फवर हातोडी मारू नका. अडकलेले कार्बन त्याने एखाद्या वेळी सुटतात, पण आजच्या पुष्कळ सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात, ते तडकतात. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. डिझेल गाडीत हीटरचा दिवा विझू द्या, मग किल्ली फिरवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरचा सेल्फ घेत नाही म्हणून खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टोके जोडायची, ही पद्धत आपल्या भागात सर्रास आहे. असे केल्याने न्यूट्रल असल्याखेरीज सुरू न होण्याची जी सोय ट्रॅक्टरला असते, तीच वगळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो सुरू होताच पुढे झेपावतो, आणि जोडणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. तेथून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर सुरू करायचा तो बैठकीवर बसूनच. नाही झाला सुरू, तर त्या दिवशीचे औत उद्यावर जाईल, एवढेच.

आणखी एक गोष्ट खास आमच्या नदीकाठच्या गावांसाठी. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते. सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून पाणी पहिल्याने त्याला गाठते. पाणी ओसरले की आपण उत्सुकतेने किल्ली फिरवतो. तसे करू नये. इंजिनात पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. आतला दांडा वाकतो, आणि मग रिंगचा खर्च किरकोळ वाटू लागतो. आधी बॅटरी सोडवा, इंजिन आणि हवेची नळी मिस्त्रींकडून तपासून घ्या, सेल्फ उतरवून त्यातला गाळ धुऊन वाळवून घ्या. न धुतलेला गाळ बेंडिक्सच्या दांड्यावर गंज होऊन बसतो, आणि दोन महिन्यांनी, पुराची आठवणही राहिलेली नसताना, गाडी खर्रर्र करू लागते.

शिक्षकांना एक सुचवतो. विज्ञानाच्या तासाला निरीक्षण, अनुमान, प्रयोग हे शब्द आपण फळ्यावर लिहितो. पुढच्या वेळी गावातल्या मिस्त्रींना अर्ध्या तासासाठी शाळेत बोलवा. एक जुने बेंडिक्स घेऊन या म्हणावे. आवाज कधी येतो, हे निरीक्षण. रिंग झिजली असावी, हे अनुमान. हातभर ढकलून पाहू, हा प्रयोग. मुलांना ते तीन शब्द पाठ करावे लागणार नाहीत. आणि आपल्या गावातला काळ्या हातांचा माणूस विचार करून काम करतो, हेही त्यांच्या ध्यानात येईल.

आमची गाडी आता एका दमात सुरू होते. आई पुढच्या जागेवर बसून बाजाराला येते. पण भावाने एक नियम केला आहे: सकाळी किल्ली फिरवताना गाडीतला रेडिओ बंद. सुरू झाल्यावर मग हवा तेवढा मोठा लावा. आकाशवाणीच्या पुस्तिकेत मीच हे लिहावे, हे जरा विनोदीच. पण आपणही उद्या सकाळी तसेच करून पाहा. दार लावा, क्षणभर गप्प बसा, किल्ली फिरवा आणि ऐका. आवाज स्वच्छ असेल तर निर्धास्त निघा. नसेल, तर आज हंगाम आहे, उद्या लग्न आहे असे म्हणू नका. त्याच आठवड्यात पाना लावा.